अल्टरनेटर तिसऱ्यांदा बदलण्याआधी: जुन्या डिझेल ट्रॅक्टरची बॅटरी पुन्हा पुन्हा का उतरते

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर लगेच कळेल. तीन सिलिंडरचा, 35 वर्षांपुढचा डिझेल ट्रॅक्टर. मूळचा डायनामो (बॅटरी भरणारं जुन्या पद्धतीचं जनित्र) काढून काही वर्षांपूर्वी त्यावर अल्टरनेटर (त्याच कामाचं नव्या पद्धतीचं जनित्र) बसवला. दीड वर्षात दुसरी नवी बॅटरी झाली, अल्टरनेटर दोनदा दुरुस्त झाला, तरी ट्रॅक्टर दोन-तीन दिवस उभा राहिला की सेल्फ नुसता कट-कट करतो. अँपिअर मीटरचा काटा बहुतेक वेळ शून्यावर थरथरतो आणि रात्री लाइट लावले की उणे बाजूला जातो. आणि तुम्ही विचारताय, आता अल्टरनेटर नवाच घेऊ का?

घेऊ नका. निदान अजून तरी नाही. एकाच जागी दोनदा दुरुस्ती होऊनही तक्रार जशीच्या तशी राहते, तेव्हा दोष बहुधा त्या जागी नसतो. बॅटरी उतरायला दोनच कारणं असतात. एक तर भरती होत नाही, नाहीतर भरलेली बॅटरी गळते. तुमच्या वर्णनात मला दोन्हींच्या खुणा दिसतात. लाइट लावल्यावर काटा उणे जातो, ही भरती कमी पडल्याची खूण. दोन-तीन दिवस नुसतं उभं राहून बॅटरी मरते, ही गळतीची खूण. दोन दोष एकत्र असले की एक दुरुस्त करूनही फरक जाणवत नाही, आणि माणूस चांगला पार्ट वाईट समजून काढून टाकतो.

एक हिशोब करून बघा. सेल्फ मारताना डिझेल इंजिन साधारण 300 अँपिअर ओढतं असं धरू, आणि 5 सेकंद सेल्फ मारला. म्हणजे 1500 अँपिअर-सेकंद, अर्धा अँपिअर-तासही नाही. अल्टरनेटरने 10 अँपिअर दिले तर तीन-चार मिनिटांत एवढं भरून निघतं. म्हणून रोज तासभर काम करणाऱ्या ट्रॅक्टरची बॅटरी केवळ सेल्फ मारून उतरत नाही. लाइटचं गणित मात्र वेगळं आहे. पुढचे दोन 45 वॅटचे आणि मागचा एक 55 वॅटचा दिवा मिळून 12 अँपिअर होतात. तीन तास हे बॅटरीवरच चालले तर 36 अँपिअर-तास गेले, म्हणजे 75 अँपिअर-तासाची बॅटरी निम्मी रिकामी. आणि त्याचा पत्ता लागत नाही, कारण जुना डिझेल ट्रॅक्टर चालू राहायला विजेची गरजच नसते. इंजिनात डिझेल फवारणारा पंप यांत्रिक, बंद करायला दांडी. चार्जिंग मेलं तरी इंजिन दिवसभर चालतं. दोष कळतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. अल्टरनेटरवर कोणती टर्मिनल आहेत, रेग्युलेटर (व्होल्ट मर्यादेत ठेवणारा भाग) आत आहे की बाहेर, डायनामोचा जुना कटआउट (बॅटरीतून उलटा करंट डायनामोकडे जाऊ न देणारा स्विच) अजून सर्किटमध्ये आहे का, आणि बॉडीला प्लस जोडलाय की मायनस, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. काही जुने ट्रॅक्टर मुळात प्लस-अर्थ, म्हणजे बॉडीला प्लस जोडलेले होते. आजचे अल्टरनेटर बहुतेक मायनस-अर्थ असतात. उलटी बॅटरी जोडली तर अल्टरनेटरमधले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जळायला क्षणही लागत नाही. तेव्हा बॉडीला जाणारी जाड केबल बॅटरीच्या कोणत्या टोकावरून येते, ते सगळ्यात आधी डोळ्यांनी बघा. इथून पुढे मी मायनस-अर्थ धरून लिहितो.

सुरुवात बॅटरीपासून

बॅटरी नवी आहे म्हणून ती चांगली आहे असं धरू नका. शिशाची बॅटरी चार-पाच वेळा पूर्ण उतरून तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग ती भरते कमी आणि उतरते लवकर. अर्धमेल्या बॅटरीवर घेतलेलं कुठलंही माप फसवं असतं. म्हणून आधी ती ट्रॅक्टरवरून काढून बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरा. सपाट झालेली बॅटरी भरण्यासाठी अल्टरनेटर नसतो. त्याला तसं राबवलं तर तो तापून जळतो. तुमची पहिली दुरुस्ती त्यामुळेच लागली असेल तर मला नवल वाटणार नाही.

भरल्यावर काही तास शांत ठेवा आणि मल्टीमीटर लावा. 12.6 ते 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 च्या आसपास निम्मी, 12 च्या खाली रिकामी. झाकणं उघडता येत असतील तर प्रत्येक घराचं (सेलचं) हायड्रोमीटरने, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता दाखवणाऱ्या नळीने, माप घ्या. भरलेल्या घरात 1.265 ते 1.280 दिसतं. एका घरात बाकीच्यांपेक्षा 0.050 हून जास्त फरक असेल तर ते घर गेलं, आणि मग अल्टरनेटर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. नंतर बॅटरी जोडून एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने मीटर थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर धरायचं, क्लॅम्पवर नाही. आकडा 9.6 च्या खाली कोसळला तर बॅटरी दमलेली आहे. आकडा 11 च्या वर राहतो आणि तरी सेल्फ नुसता कट-कट करतो, तर बॅटरीत ताकद आहे, ती सेल्फपर्यंत पोचत नाही. मग केबल, अर्थची जोडणी आणि सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा विजेचा स्विच) बघायचे.

गळती: इथे मला सगळ्यात जास्त संशय आहे

डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवताना एक चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता पहिला हात तिथेच जातो. अल्टरनेटरच्या फिल्डला, म्हणजे आतल्या चुंबक बनणाऱ्या गुंडाळीला, सुरुवातीला थोडा करंट द्यावा लागतो. तो डॅशवरच्या चार्जिंगच्या दिव्यातून जायला हवा. 2 ते 3 वॅटचा तो छोटा दिवा नुसती सूचना देत नाही, तो फिल्डकडे जाणाऱ्या करंटला आवरूनही धरतो. डायनामोच्या जुन्या डॅशवर दिवा नसेल, तर बसवणारा घाईत किल्लीवरून सरळ वायर ओढून अल्टरनेटरला जोडतो. चार्जिंग सुरू होतं, काम झालं असं वाटतं. पण किल्ली चालू राहिली तर इंजिन बंद असतानाही फिल्डमधून 3 अँपिअरच्या आसपास करंट वाहत राहतो. रात्रीचे 10 तास म्हणजे 30 अँपिअर-तास.

किल्ली कोण चालू ठेवेल, असं वाटेल. पण डिझेल ट्रॅक्टर दांडी ओढून बंद होतो, किल्लीने नाही. एकदा मला असाच एक ट्रॅक्टर सकाळी लवकर बघायला बोलावलं होतं. बॉनेटवर दव साचलेलं, इंजिनचं लोखंड गारठलेलं, आणि अल्टरनेटरची मागची बाजू कोरडी. हात ठेवला तर कोमट. रात्रभर इंजिन फिरलं नव्हतं. मालकाने खिशातून किल्ली काढून दाखवली, "ही बघा, काढलेलीच आहे." पण स्विचचं कुलूप इतकं झिजलं होतं की चालू स्थितीतही किल्ली बाहेर निघत होती. किल्ली खिशात आणि स्विच रात्रभर चालू. त्या घरात तोपर्यंत तीन बॅटऱ्या झाल्या होत्या.

तुमच्याकडे हे तपासायला मीटरही लागत नाही. इंजिन बंद, किल्ली बंद. अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगच्या टोपीजवळ लोखंडी स्क्रूड्रायव्हरचं टोक न्या. आत करंट चालू असेल तर टोक ठळकपणे ओढलं जातं. किल्ली चालू करून पुन्हा बघा, आता थोडी ओढ जाणवायला हवी. किल्ली बंद असतानाही तशीच ओढ असेल तर गळती सापडली.

त्यानंतर मीटरने खात्री करा. सगळं बंद करून बॅटरीची मायनस क्लॅम्प काढा आणि क्लॅम्प व खुंटीच्या मधे मल्टीमीटर 10 अँपिअरच्या रेंजवर लावा. मीटर मधे असताना चुकूनही सेल्फ मारू नका. एवढ्या जुन्या ट्रॅक्टरवर किल्ली बंद असताना काहीच चालू नसतं, त्यामुळे आकडा जवळपास शून्य हवा. अर्धा अँपिअर दिसला तर तीन दिवसांत 36 अँपिअर-तास गेले, आणि तुमची तक्रार तंतोतंत हीच आहे. आता अल्टरनेटरची जाड वायर सोडवून तिच्या टोकाला टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आकडा पडला तर आतला डायोड शॉर्ट आहे. नाही पडला तर बारीक वायर सोडवा, मग लाइटचा स्विच, मग हॉर्न, मग नंतर जोडलेली प्रत्येक गोष्ट. मोबाइल चार्जर, टेप, मागचा जादा दिवा, असं सगळं. एकेक सोडवत जायचं आणि आकडा कुठे पडतो ते पाहायचं.

फिल्डची वायर सरळ किल्लीवरून आलेली सापडली तर मधे 12 व्होल्टचा 2 ते 3 वॅटचा दिवा होल्डरसह घाला. मात्र आधी अल्टरनेटरवर त्या टर्मिनलला काय लिहिलंय ते पाहा, कारण काही प्रकारांत दिव्याचं टर्मिनल वेगळं आणि किल्लीच्या वायरचं वेगळं असतं. दिवा साधा तारेचा हवा, एलईडी नको. एलईडीतून एवढा कमी करंट जातो की बऱ्याचदा अल्टरनेटर जागाच होत नाही.

भरती: करंट वाटेत कुठे अडतो

आधी पट्टा. सगळ्यात लांब भागाच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर 10 ते 12 मिमी खाली जायला हवा. ताण बरोबर असूनही पट्टा घसरू शकतो. व्ही-पट्टा पुलीच्या बाजूच्या भिंतींवर चालतो, तळावर नाही. पुलीचा तळ आरशासारखा चकचकीत दिसला तर पट्टा झिजून खाली बसलाय. तो कितीही ताणला तरी लोड आल्यावर घसरणारच. उलट जास्त ताणून बेअरिंग जाईल.

मग इंजिन सुरू करून रेस मध्यम ठेवा आणि बॅटरीच्या खुंट्यांवर मोजा. 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळायला हवेत. आता सगळे लाइट लावा. आकडा 13.5 च्या वर टिकला तर भरती ठीक आहे. त्याहून खाली आला तर लाइट चालूच ठेवून पुढची दोन मापं घ्या. माझ्या मते या सगळ्या तपासणीत सर्वांत मोलाची हीच, आणि बहुतेक जण हीच घेत नाहीत.

पहिलं माप: मीटरची एक टोच अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलवर, दुसरी बॅटरीच्या प्लस खुंटीवर. दोन्ही टोकं प्लसचीच, त्यामुळे आदर्श आकडा शून्य. 0.3 पर्यंत चालतं. दुसरं माप: एक टोच अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर, दुसरी बॅटरीच्या मायनस खुंटीवर. इथे 0.2 पेक्षा जास्त नको. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत खर्च होतायत. मीटरच्या टोचा आणि वायरी पंखा-पट्ट्यापासून दूर ठेवा, आणि सैल बाही किंवा उपरणं अंगावर नको.

याचं गणित साधं आहे. एखाद्या सांध्यात 0.05 ओहम एवढाच अडथळा असला आणि त्यातून 30 अँपिअर जात असले, तर दीड व्होल्ट तिथेच संपतात. अल्टरनेटर इमानदारीने 14.2 देतोय आणि बॅटरीला मिळतायत 12.7. असा अल्टरनेटर काढून टेबलवर तपासला तर तो चांगलाच निघतो. मागे एका ट्रॅक्टरवर मला पहिल्या मापात 1.4 आला. वायर वरून अगदी नवी दिसत होती. अँपिअर मीटरच्या मागचा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) हातात धरून हलवला तर तो वायरवर गोल फिरला. आवरण दोन बोटं सोललं तर आत तांब्याऐवजी हिरवट भुकटी, आणि शाबूत तारा जेमतेम पाच-सहा. वायर कापून नवा लग दाबून बसवला, लाइट लावून मोजलं तर 13.9. अल्टरनेटरला हातही लावला नव्हता.

तुमचा काटा शून्यावर थरथरतो, त्यामुळे अँपिअर मीटरच्या मागचे दोन नट आजच बघा. अल्टरनेटरचा सगळा करंट बहुधा तिथूनच जातोय. डायनामोच्या काळात तो 11 किंवा 22 अँपिअर असायचा, आणि वायर व मीटर त्या बेताने बसवलेले होते. आता 35-45 अँपिअरचा अल्टरनेटर त्याच बारीक वाटेने ढकलतोय. इंजिन पाच मिनिटं लाइटसह चालवून बंद करा, मायनस क्लॅम्प काढा आणि त्या नटांना बोट लावून बघा. गरम लागले तर अडथळा तिथेच आहे.

मी स्वतः अशा ट्रॅक्टरवर अल्टरनेटरपासून सेल्फच्या मुख्य टर्मिनलपर्यंत, जिथे बॅटरीची जाड केबल येते तिथपर्यंत, 10 चौरस मिमीची नवी वायर थेट टाकतो आणि त्या टर्मिनलजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज देतो. जुना कटआउट सर्किटमधून पूर्ण बाहेर काढतो. अल्टरनेटरचा रेग्युलेटर आतच असेल तर कटआउटचं काहीच काम उरत नाही, तो फक्त आणखी एक सांधा असतो. अशी वायर टाकल्यावर डॅशचा अँपिअर मीटर चार्जिंग दाखवणार नाही, फक्त लाइट वगैरेंचा खर्च दाखवेल. त्याच्या जागी व्होल्टमीटर बसवा.

काट्याबद्दल एक गैरसमजही दूर करतो. बॅटरी भरलेली असताना काटा शून्याजवळ असणं हा दोष नाही. सेल्फ मारल्यावर काटा अधिक बाजूला 10-15 वर जाऊन काही मिनिटांत हळूहळू खाली येतो, तीच निरोगी चाल. स्लो रेसवर सगळे लाइट लावून तो थोडा उणे गेला तरी घाबरू नका. कामाच्या रेसवरही उणे राहत असेल तर मात्र दोष आहे.

दुसऱ्या मापात आकडा मोठा आला तर अर्थची जोडणी वाईट आहे. इंजिनला नवा रंग मारलेल्या ट्रॅक्टरवर हे हमखास दिसतं. ब्रॅकेट, बोल्ट, वॉशर सगळीकडे रंगाचा थर, मग करंटला परतायला धातूच उरत नाही. बसण्याच्या जागा पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा. अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत एक वेगळी वायर टाकली तर हा प्रश्न कायमचा मिटतो.

दोन्ही मापं चांगली आली आणि तरी व्होल्ट वाढत नाहीत, तरच संशय अल्टरनेटरवर. किल्ली चालू, इंजिन बंद असताना दिवा लागायला हवा. लागत नसेल तर दिव्याची बारीक वायर अल्टरनेटरवरून काढून क्षणभर बॉडीला टेकवा. ही चाचणी मधे दिवा आहे याची खात्री असेल तरच करायची, आणि जाड वायरला कधीच नाही. दिवा लागला तर वायर चांगली आहे, दोष आत आहे: फिरत्या भागाला करंट देणारे कार्बन झिजले, ते जिच्यावर घासतात ती स्लिप रिंग काळी पडली किंवा रोटरची, म्हणजे त्या फिरत्या भागाची, गुंडाळी तुटली. कार्बन बदलणं स्वस्त आणि सोपं काम आहे, त्यासाठी नवा अल्टरनेटर लागत नाही. डायोडसाठी इंजिन चालू ठेवून लाइट लावा आणि बॅटरीवर मीटर एसी व्होल्टवर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर डायोड गेलेला. पण साधे मल्टीमीटर इथे फसवतात, म्हणून आधी इंजिन बंद असताना एसीवर माप घ्या. तेव्हाच 20-25 दिसले तर ते मीटर या कामाचं नाही.

दोन गोष्टी अजिबात करू नका

इंजिन चालू असताना "बघू अल्टरनेटरवर चालतंय का" म्हणून बॅटरीची क्लॅम्प काढायची पद्धत डायनामोच्या काळातली आहे. अल्टरनेटरवर तसं केलं की व्होल्ट क्षणात उसळतात आणि डायोड किंवा रेग्युलेटर जळतो. तुमची दुसरी दुरुस्ती कशामुळे लागली, हे त्या दिवशी तिथे असलेल्यांना विचारून बघा.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. बॅटरी उतरली की खाली उभं राहून स्क्रूड्रायव्हरने सेल्फची टर्मिनल जोडून इंजिन उठवतात. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो इंजिन सुरू होताच चालू लागतो, आणि तुम्ही उभे असता ते मागच्या मोठ्या चाकाच्या पुढे. अशी माणसं चाकाखाली गेली आहेत. सेल्फ फक्त सीटवर बसून, न्यूट्रल बघून मारायचा. घरात दुसरं कोणी ट्रॅक्टर चालवत असेल तर त्यांनाही हे आजच सांगा.

आता तुम्ही मला पाच आकडे कळवा: भरून शांत ठेवलेल्या बॅटरीचे व्होल्ट, किल्ली बंद असतानाची गळती, मध्यम रेसवर लाइटसह बॅटरीचे व्होल्ट, आणि प्लस व मायनस बाजूची ती दोन मापं. सोबत अल्टरनेटरच्या मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो, टर्मिनलवरची अक्षरं वाचता येतील असा. तोपर्यंत ट्रॅक्टर उभा करताना बॅटरीची मायनस क्लॅम्प काढून ठेवत जा. तीन दिवसांनी तो पहिल्या दणक्यात सुरू झाला, तर गळती आहे हे तिथेच कळेल.